घोडीला पूल म्हणतात

लीड्सहून चिठ्ठी आली, चार ओळींची.
सतार पोचली. खोका फुटला नाही. रंग सुरेख.
पण टू मच बझ.

बझ.
सत्तेचाळीस वर्षं मिरजेत सतारी घडवतोय,
हा शब्द कधी दुकानाची पायरी चढला नव्हता.
तहसीन म्हणाली, अब्बा, फोनवर बघते.
म्हटलं, थांब. आपल्याबद्दल कोण काय बोललं
ते आपल्या हातानं शोधावं.

तिची दहावीची डिक्शनरी भोपळ्यांच्या मागं होती,
वर भुसा, आत भुसा.
बझ : मधमाशीचा गुंजारव; गुणगुण; भणभण.
तीन अर्थ, मध्ये अर्धविराम,
जणू कुणी म्हणतंय, तुझा तू निवड.

मग सवयच लागली.
दुपारी रोगण वाळेपर्यंत पाच शब्द,
काचकागदाच्या पाठीवर, सुतारी पेन्सिलीनं.

ब्रिज : पूल.
आमची घोडी, तारा जिच्यावर स्वार होतात,
ती तिकडं पूल.
हसू आलं. मग कृष्णाघाटाजवळचा रेल्वेचा पूल आठवला,
वरून मालगाडी गेली की खालचं पाणीसुद्धा थरथरतं.
म्हटलं, त्यांचंही बरोबर आहे.

सीझन्ड : मसाला लावलेलं; मुरलेलं.
तुनाचं लाकूड आम्ही सहा पावसाळे मुरवतो.
मसाला तेवढा राहिला.

फ्रेट : तंतुवाद्याचा पडदा.
खाली पुन्हा तोच शब्द,
फ्रेट : मनाला लावून घेणे, झुरणे.
म्हणजे एकेका दांडीवर एकोणीस चिंता
मीच बांधत आलो, दोरा ताणून, दातात धरून.

सिंपथेटिक : सहानुभूती असलेला.
हा कशाला लागतो ते तहसीननं सांगितलं :
तरफा. खालच्या तेरा तारा,
ज्यांना कुणी छेडत नाही,
वरची वाजली की आपसूक वाजतात.
तिची आई गेली तेव्हा शेजारच्या गाळ्यातल्या बाबालालनं
तीन दिवस रंधा हातात धरला नव्हता.
विचारलं तर म्हणाला, धार गेलीय.
त्या दिवशी पाच शब्द झाले नाहीत.

जवारीही शोधली.
जॉ : जबडा. त्याखाली जेलस : मत्सरी.
मध्ये जागा होती, शब्द नव्हता.

आणि उत्तर लिहायला बसलो तर
नेमका हवा तो शब्द व्ही मध्ये,
आणि यू नंतरची सगळी पानं वाळवीनं नेलेली.
लाकूड वाचवता वाचवता जन्म गेला,
कागदाकडं लक्ष गेलं नाही.
तहसीन म्हणाली, मला येतो तो शब्द, सांगू?
म्हटलं, आधी मला त्याच्याशिवाय लिहू दे.

सर,
तुम्ही ज्याला बझ म्हणता
तो राहून गेलेला दोष नाही. तो मी मुद्दाम घातलाय.
घोडीच्या पाठीवर दोन दिवस कानस, केसाएवढी.
सुटलेली तार तिथं पुसटशी घासून जाते
आणि बोट उचलल्यावर
खोलीत काहीतरी उरतं.
ते विकतो आम्ही. लाकूड त्याच्यासोबत येतं.
महिनाभर रोज वाजवा.
तरीही भणभणच वाटली तर परत पाठवा,
भाडं माझं.

तहसीननं दोन स्पेलिंगं सुधारली,
तिसरं तसंच ठेवलं. का, विचारलं नाही.
व्ही चा शब्द तिनं नंतर सांगितला.
चांगला आहे. एवढासाच आहे.

अजून उत्तर नाही.
आज रोगण ओलं आहे, आर वर आलोय.
रिपेअर : दुरुस्ती.
रिपीट : पुन्हा करणे.
रिप्लाय : उत्तर.
तिन्ही एकाच पानावर,
आणि पानाच्या कोपऱ्यात रोगणाचं एक बोट,
माझंच असणार.